कापलेल्या वाटेवरचं मॉस: प्रकल्प नोंदी, मे २०२३ ते जून २०२४

१४ मे २०२३

जागा पाहून आलो. आंबोलीजवळचं खासगी मालकीचं सदाहरित रान. अंजनी, जांभूळ, पिसा, अधूनमधून हिरडा. मार्चमध्ये आधीच्या मालकाने जेसीबी लावून वरच्या सड्यापर्यंत गाडीवाट काढायला घेतली आणि निम्म्यात सोडून दिली. आता जमीन अण्णांकडे आली आहे आणि त्यांना ही वाट नकोय. त्यांचा प्रश्न सरळ आहे: "काही लावायचं, का आपोआप भरेल?" झाडांचं दुसरे लोक बघतायत. मी आणि कॉलेजातली माझी सहकारी, आमच्या वाट्याला जमिनीलगतचं आलं आहे: मॉस आणि त्याच्याच नात्यातल्या, जमिनीला चिकटून पसरणाऱ्या बिनफुलांच्या वनस्पती, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट.

वाटेचे तीन भाग पडतात. वरच्या अंगाला उभी कापलेली भिंत, कुठे कमरेइतकी, कुठे डोक्याच्या वर. तिच्यात वर काळा थर, मग लाल माती, तळाशी जांभ्याखालची पांढुरकी चिकणमाती. मधे चाकांनी दाबून टणक झालेला पट्टा. खालच्या अंगाला ढकलून दिलेली भुसभुशीत भर, तीत तुटलेली मुळं आणि दगड. वाटेच्या टोकाला तोडलेल्या फांद्यांचा ढीग जाळलाय, तिथे राख आणि कोळसा. तुलनेसाठी रानाच्या आतल्या दोन जागा धरल्या: डुकरांनी उकरलेला एक तुकडा आणि उन्मळून पडलेल्या जांभळीच्या मुळांची उभी राहिलेली पाट.

आत जमिनीवर मॉस जवळजवळ नाहीच. खोडांवर आहे, दगडांवर आहे, जमिनीवर नुसता पाचोळा. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस म्हणजे खाली हिरवी गादी असणार, असं त्याला वाटतं. पण एक-दोन सेंटिमीटर उंचीच्या वनस्पतीवर अंजनीचं एक चिवट पान पडलं की तिचा उजेड संपला. आपल्याकडच्या सदाहरित रानात जमिनीवरचं मॉस दिसतं ते जिथे काहीतरी उलथलंय तिथे: बांधाच्या कडेला, घसरलेल्या उतारावर, उन्मळलेल्या मुळांवर. म्हणजे जेसीबीने जे केलं ते मॉससाठी संकट आहे की संधी, हे तीन भागांत तीन तऱ्हांनी ठरेल असा अंदाज आहे.

तारेच्या चौकटी ठोकल्या. फोटो दर खेपेला त्याच उंचीवरून, त्याच बाजूने. रानातली थोडी माती पिशव्यांत भरून घरी आणली.

२२ मे

काल वळीव चांगला झाला. वाटेवर दाखवण्यासारखं काही नाही, म्हणून कडेच्या हिरड्याच्या खोडावर भिंग लावून बसलो. कोरडं मॉस काळपट-तपकिरी, पानं देठाला चिकटून पीळ घातलेली. एका झुबक्यावर बाटलीतलं पाणी टाकलं. टोकाची पानं आधी हलली, मग खालची, आणि मिनिटभरात सगळं रोप उघडून हिरवं झालं.

सुकलेलं मॉस मेलेलं नसतं, थांबलेलं असतं. खऱ्या अर्थाने मुळं नाहीत, साठवण नाही, त्यामुळे पेशीतलं पाणी हवेबरोबर कमीजास्त होतं. मात्र हे जागं होणं फुकट नाही. सुकताना पेशींची पटलं विस्कटतात. पहिल्या पाण्यात आतली साखर आणि क्षार थोडे बाहेर झिरपतात. डागडुजी होईपर्यंत खर्च जास्त, कमाई कमी. एक सर येऊन लगेच कडक ऊन पडलं तर रोप तोट्यातच पुन्हा झोपी जातं. त्यामुळे किती मिलिमीटर पडला यापेक्षा सलग किती वेळ ओल राहिली, हे आम्ही लिहून ठेवायचं ठरवलं.

१२ जून

मॉन्सून दक्षिण कोकणात पोचल्याचं हवामान खात्याने काल जाहीर केलं. भरावाची बाजू वाहायला लागली आहे. एक चौकट माती घेऊन खाली गेली, ओढ्याच्या काठाला सापडली. वाडीतले आबा सोबत होते. त्यांनी भराव बघितला आणि म्हणाले, "माती धावता हा तवसर तेच्यार कायएक धरूचा नाय." आमचं गृहीतकही तेच आहे, फक्त आम्ही ते दोन पानांत लिहिलंय.

२९ जून

कापलेल्या भिंतीवर हिरवट झाक. अण्णांनी फोटो पाठवून विचारलं, "आलं का मॉस?"

लांबून सांगता येत नाही. भिंगाखालीही पहिल्या काही आठवड्यांत फसायला होतं, कारण ओल्या मातीवर सर्वांत आधी शैवाल आणि नीलहरित जिवाणूंचा थर येतो, आणि मॉसची सुरुवातही अगदी तशीच दिसते. बीजाणू रुजला की त्यातून थेट रोप येत नाही. आधी एकेका पेशीच्या रांगेचा फांद्या फुटणारा धागा पसरतो, तो प्रोटोनिमा. काही दिवसांनी त्यावर कळ्या येतात आणि प्रत्येक कळीतून पानं असलेलं रोप. एकाच बीजाणूच्या धाग्यावर अशा पुष्कळ कळ्या येऊ शकतात. मॉस झुबक्याने दिसतं त्याचं हे एक कारण.

खरवडून आणलेला थर रात्री कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली पाहिला. ओळखायची खूण पेशींमधल्या भिंतींत असते. धागेदार शैवालात या भिंती धाग्याला काटकोनात. मॉसच्या पुढे धावणाऱ्या धाग्यांत आणि तपकिरी मूलाभांत (मातीला धरणाऱ्या मुळांसारख्या धाग्यांत) त्या तिरक्या असतात. आमच्या नमुन्यात बराचसा भाग शैवालच निघालं, पण वरच्या काळ्या थरातून घेतलेल्या खरवडीत तिरक्या भिंतींचे धागे स्पष्ट दिसले. पांढुरक्या चिकणमातीवर एकही नाही.

अण्णांना कळवलं: आलंय, पण तुम्ही ज्याचा फोटो काढलात ते नव्हे.

१० जुलै

मधल्या पट्ट्यावर एक बघण्यासारखी गोष्ट. थेंबांच्या माऱ्याने माती उडून गेली, पण जिथे खडा किंवा फांदीचा तुकडा होता तिथे खालची माती तेवढी वाचली. त्यामुळे सगळीकडे बोटाच्या पेराएवढे मातीचे खांब, प्रत्येकाच्या डोक्यावर एक खडा. वरून पाहिलं तर पट्टा उघडा. आडवं पडून बाजूने पाहिलं तर प्रत्येक खांबाच्या उतरत्या अंगावर, खड्याच्या आडोशाला, प्रोटोनिमाची हिरवी मखमल. खांबांच्या मधल्या सपाट भागावर काहीच नाही, तिथली माती प्रत्येक सरीला नवी होते. फोटो वरूनच काढत राहिलो असतो तर हा पट्टा "शून्य" म्हणूनच नोंदला गेला असता. आता बाजूचे फोटोही काढायचे.

अण्णांच्या हट्टापायी ताकाचा प्रयोगही सुरू केला. मॉस आणि ताक मिक्सरमधून फिरवून भिंतीवर लावायचं, ही कृती इंटरनेटवर जगभर फिरते आहे. ओसरीसारख्या पुढे आलेल्या कडेखाली तीन चौकटी केल्या: एकीत ताकातलं मॉस, दुसरीत साध्या पाण्यातलं, तिसरीत हाताने चुरलेलं सुकं मॉस शिंपडून वर काथ्याची जाळी. मॉस पडलेल्या झाडाच्या सालीवरून आणि वाटेच्या कडेच्या बांधावरून घेतलं, उभ्या झाडाला हात लावला नाही.

२१ जुलै

इर्शाळवाडीवर दरड कोसळल्याच्या बातमीने कुणाचं कशात लक्ष नाही. अण्णांचा फोन: आपली कापलेली भिंत येईल का खाली? हिरवं झालंय ते धरून ठेवेल ना?

नाही. मॉसचे मूलाभ वरची काही मिलिमीटर माती पकडतात. थेंबाचा मार ते अंगावर घेतं, पाण्याचा वेग कमी करतं, पृष्ठभागाची धूप थांबवतं. दरड घसरते ती मीटरभर किंवा कितीतरी मीटर खालून, पाण्याने जड झालेली माती खडकावरून सुटते तेव्हा. तिथे मॉसचा काही संबंध नाही. गवताचाही फारसा नाही. भिंतीच्या वर भेगा दिसतायत का, पाझर अचानक गढूळ झालाय का, झाडं कललीत का, हे बघायला सांगितलं, आणि वरून वाहत येणारं पाणी भिंतीवर न पडता बाजूला काढण्यासाठी चर खणायला लावला. "हिरवं म्हणजे पक्कं" हा समज मॉसच्या कौतुकापोटी आपणच पसरवतो, म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

६ ऑगस्ट

रोपं आली. कापलेल्या भिंतीच्या काळ्या आणि लाल थरात दोन प्रकार ठळक. पहिलं फिसिडेन्स: पानं दोनच ओळींत, एका पातळीत, रोप कागदावर दाबून ठेवल्यासारखं चपटं. प्रत्येक पानाच्या बुडाशी खिसा असतो आणि त्यात वरच्या पानाची कड शिरलेली असते, हे भिंगातून दाखवल्यावर अण्णांची नात तासभर भिंग सोडेना. दुसरं पोगोनेटम. याची रोपं एकमेकांपासून लांब-लांब, जाड पानांची, आणि मधली सगळी माती टिकाऊ प्रोटोनिमाच्या गडद हिरव्या थराने झाकलेली. बाकीच्या बहुतेकांत रोपं आली की धागे संपतात. काही पोगोनेटममध्ये ते राहतात आणि मुख्य पसारा त्यांचाच असतो. उघड्या चिकणमातीच्या बांधांवर ते का फावतं, ते इथे दिसतं. पाझराच्या जागी फिलोनोटिस, फिकट पोपटी, अंगावर पाण्याचे मणी तसेच धरून ठेवणारं.

ही आत खोडांवर वाढणारी मॉस नव्हेत. शेजारच्या झाडावर हातभर अंतरावर जाड गाद्या लटकतायत, त्यांतलं एकही खाली मातीवर उतरलेलं नाही.

मग ही आली कुठून? घरच्या ट्रेमध्ये याचं अर्धं उत्तर मिळालं. मे महिन्यात आणलेली रानातली माती दोन ट्रेमध्ये पसरली होती. एकीतली तशीच, दुसरीतली जुन्या प्रेशर कुकरमध्ये शिजवून निर्जंतुक केलेली (तो कुकर आता स्वयंपाकघरातून कायमचा हद्दपार). दोन्हींवर काच. न शिजवलेली माती पार हिरवी झाली, फिसिडेन्स आणि ब्रायम (आणखी एक मॉस) वेगळे ओळखू येतात. शिजवलेलीवर कोपऱ्यात एक ठिपका, तो काच उचलताना हवेतून आला असणार. म्हणजे ज्या जमिनीवर आम्हाला मॉस दिसलं नव्हतं, तिच्या पोटात ते होतंच. बीजाणू असतील, तुटलेले तुकडे असतील. ब्रायमच्या मूलाभांवर मायक्रोस्कोपखाली लालसर सूक्ष्म गाठी दिसल्या. त्या मातीत पडून राहतात आणि उजेड मिळाला की रुजतात. डुकराच्या नाकाने किंवा जेसीबीच्या बकेटने माती वर आली की झालं. भिंतीच्या वरच्या काळ्या थरात आधी हिरवं आलं आणि खोलवरच्या पांढुरक्या मातीत अजून नाही, हेही त्याच्याशी जुळतं. अर्थात ती माती टणक आणि गुळगुळीतही आहे, तेव्हा सगळं श्रेय पोटातल्या साठ्याला देता येणार नाही.

२० ऑगस्ट

पाऊस गायब. ऑगस्टमध्ये आंबोलीत धूळ उडताना पहिल्यांदाच पाहिली. मधल्या पट्ट्यावरची मखमल सुकून पांढरट साल झाली आहे, बोट लावलं की उडते. भिंतीवर पानं आलेली रोपं मिटून बसलीत, पाणी टाकलं की उघडतात. नुसत्या धाग्याच्या अवस्थेत असलेलं बरंच गेलं.

३ सप्टेंबर

हवामान खात्याचे आकडे आले. देशभरात ऑगस्टचा पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. मधे दोनदा भुरभुर झाली, नंतर कडक ऊन. मे महिन्यात हिरड्यापाशी लिहिलेला तोट्याचा हिशोब इथे जमिनीवर बघायला मिळतोय: भुरभुर झालेल्या उघड्या पट्ट्यावर जास्त मर आहे, आणि झाडाच्या सावलीत पूर्ण कोरडं राहिलेलं त्यामानाने बरं.

ताकाचा निकाल. ताक लावलेल्या चौकटीवर आठवड्यात पांढरी बुरशी आली, मग मुंग्या, मग ते थर धरून सोलून पडलं. खाली मॉसचे तुकडे तपकिरी. साध्या पाण्यातलं थोडं तगलं. काथ्याची जाळी घातलेली चौकट सर्वांत पुढे: जवळजवळ प्रत्येक तुकड्याला बाजूने नवे धागे फुटलेत, कोरड्या दिवसांतही जाळीखाली ओल होती. मॉसच्या पानाचा तुकडासुद्धा नवं रोप देऊ शकतो, त्याला ताकातून काही मिळवायचं नसतं. त्याला एका जागी पडून राहायचं असतं. कॅनडात खणून काढलेल्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) दलदलींवर स्फॅग्नम हे दलदलीतलं मॉस परत आणताना हेच करतात: एक भाग जागेवरचं मॉस तुकडे करून दहा भाग जागेवर पसरतात आणि वर पेंढा घालतात. अण्णांना म्हटलं, ताक प्या.

२४ सप्टेंबर

पाऊस परतला, मर झालेल्या जागा पुन्हा हिरवट होतायत.

मधल्या पट्ट्यावरून गवे गेले. चिखल ओला असताना उमटलेला खूर खोल बसतो. खुरांच्या तळाशी पाणी साठून तिथे नुसतं शैवाल. पण खुराच्या उभ्या कडेला, जिथे माती गुळगुळीत दाबली गेली आहे आणि पाणी टिकत नाही, तिथे फिसिडेन्सची ओळ. बाकी पट्टा उघडा असताना खुरांच्या कडा तेवढ्या हिरव्या. एका खुराच्या ठशात उतार, सावली आणि ओल या तिन्हींची सगळी श्रेणी मिळते, त्यामुळे आता चौकटींपेक्षा आम्ही खूरच जास्त मोजतोय. गव्यांनी दोन चौकटी वाकवल्या, त्याची तक्रार नाही.

बीजाणू हवेतून किती येतात, यावर सहकारीने एक चांगला प्रयोग शोधून काढला. स्वीडनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेला. डिस्केलियम न्यूडम या उघड्या चिकणमातीवरच्या मॉसची एक वसाहत मधे ठेवली आणि भोवती ५ ते ६०० मीटर अंतरांवर आम्ल चिकणमातीच्या सुमारे २,००० कुंड्या. एका हंगामातच निकाल मिळाला: १० मीटरच्या आत निम्म्याहून जास्त कुंड्यांत मॉस, पुढे ५० मीटरपर्यंत प्रमाण झपाट्याने घसरलं, आणि त्यानंतर ६०० मीटरपर्यंत १ ते ३ टक्क्यांवर जवळपास स्थिर. म्हणजे शेजाऱ्याचा वाटा मोठा, पण लांबून येणारी थोडी भर सगळीकडे सारखीच. तो प्रयोग मोकळ्या दलदलीवरचा होता. आपल्या दाट रानात वारा खाली पोचतच नाही. माझा कल तुकड्यांकडे आणि मातीतल्या साठ्याकडेच आहे. सहकारी सहमत नाही, तिच्या मते वाट कापल्यावर तीच वाऱ्याची गल्ली झाली आहे.

बीजाणू तयार होण्यासाठी मात्र पाणी लागतंच, नर पेशी पोहत जाते. मिलिमीटरभर आकाराचे, उड्या मारणारे स्प्रिंगटेल इथे प्रत्येक झुबक्यात आहेत. ते आणि कोळीवर्गातले बारीक माइट या नर पेशी एका झुबक्यातून दुसऱ्यात नेतात, हे २००६ साली स्वीडनमधल्याच संशोधकांनी दाखवून दिलं.

१५ ऑक्टोबर

उकाडा. हॉर्नवर्ट शिंगं टोकापासून दोन फाकांत उकलून बीजाणू सोडतायत, पसारा मात्र पिवळा पडला. पावसाळ्यात डुकरांच्या उकिरणीत जे हिरवं होतं, त्यातलं निम्मं लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्टच होतं, ते आता दिसेनासं झालंय. पोगोनेटमला बीजाणूंच्या कुप्या धरल्यात, डोक्यावर केसाळ टोप्या. भरावावर रानमोडीचं तण कमरेएवढं आणि खाली मॉस शून्य.

११ डिसेंबर

सुट्टीत कुणीतरी येऊन ओढ्याकाठच्या एका मोठ्या दगडावरची मॉसची गादी सोलून नेली. टेरारियमसाठी असणार, कडा सुरीने कापलेल्या आहेत. दगडाचा सोललेला भाग चौकटीत घेतला, अनायासे तुलना मिळाली. हे वेगळ्या जातीचं प्रकरण आहे. कापलेल्या मातीवरची मॉस घाईची: लवकर यायचं, बीजाणू सोडायचे, जागा गेली तर गेली. दगडावरची आणि खोडावरची बैठक मारणारी, आडवी सावकाश वाढणारी, वर्षानुवर्षं तिथेच. डच वनस्पतिशास्त्रज्ञ हाइन्यो ड्युरिंग यांनी १९७९ मध्ये मॉसच्या जीवनरीतींची जी वर्गवारी मांडली, तिची ही दोन टोकं एकाच वाटेवर समोरासमोर सापडली. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये व्यापारासाठी झुडपांवरून सोललेल्या मॉसचा माग ठेवला गेला, तिथे भरून यायला दशकांची भाषा करावी लागते. या चौकटीत मी निवृत्त होईपर्यंत काही घडेल, अशी अपेक्षा नाही.

२१ जानेवारी २०२४

जळक्या वर्तुळाची पाळी. ऑगस्टपर्यंत तिथे काहीच नव्हतं. सप्टेंबरात धागे आले, ऑक्टोबरात बारीक रोपं. आता सगळं वर्तुळ फ्युनारिया हायग्रोमेट्रिका या मॉसच्या कुप्यांनी भरलंय, केशरी-तपकिरी, आणि वर्तुळाची कड संपली की फ्युनारियाही संपतो. जगभर जळक्या जागांवर पहिला येणारा हाच. आगीने मातीतल्या वरच्या बिया आणि इतरांचे बीजाणू मेले, राखेने आम्लता कमी झाली, पोटॅश आणि चुना मोकळा झाला. त्याला एवढंच हवं असतं. सह्याद्रीत भातासाठी राब भाजतात तिथेही बांधाच्या कडेला, नांगर न लागलेल्या राखेवर तो सापडतो. आबांना दाखवला तर म्हणाले, तरव्याच्या कडेला लहानपणापासून बघताव.

कुपीची दांडी मुद्दाम बराच वेळ पाहिली. सकाळी धुक्यात कुपी खाली मान घालून स्थिर. ऊन आल्यावर दांडीला पीळ बसू लागला, कुपी सावकाश गोल फिरली. तोंडावरचं झाकण आधीच गळालेलं, आत दातांच्या दोन रांगा. बाहेरचे दात हवेतल्या ओलाव्याप्रमाणे वाकतात आणि सरळ होतात, त्यांच्या फटींतून बीजाणू थोडे-थोडे बाहेर. भिंगाजवळ हलका श्वास सोडला आणि दांडी उलटी फिरू लागली. सगळे बीजाणू एका दिवशी एकाच वाऱ्यावर न सोडण्याची ही सोय आहे.

पण याचा मुक्काम थोडाच. राखेतले क्षार धुऊन जातील, इतर येतील. दोन-तीन वर्षांत हे वर्तुळ ओळखू येणार नाही, असा अंदाज लिहून ठेवतो.

१० मार्च

पानगळ. सदाहरित म्हणून काय झालं, जुनी पानं याच दिवसांत पडतात. मधल्या पट्ट्यावर बोटभर पाचोळा, खुरांच्या कडा त्याखाली. भिंत जवळजवळ स्वच्छ, उभ्या मातीवर पान थांबत नाही. जांभळीच्या मुळांची पाटही तशीच. पट्ट्यावरच्या निम्म्या चौकटी आम्ही हाताने झाडून ठेवतोय, निम्म्या जशाच्या तशा.

१९ मे

वळवाचे दोन पाऊस झाले. झाडलेल्या चौकटींत मॉस जागं होतंय. न झाडलेल्यांत पाचोळा उचलून पाहिला: खाली पांढुरके बुरशीचे धागे, मॉसची रोपं तपकिरी, पाणी टाकून तासभर थांबलो तरी उघडली नाहीत. मूलाभांवरच्या गाठी असतील तर त्या आहेत, बाकी सगळं पुन्हा मातीच्या पोटात.

२३ जून

दुसरा पावसाळा. अण्णांसोबत पूर्ण वाट चालून आता कुठे काय करायचं ते ठरवलं.

कापलेल्या भिंतीला हात लावायचा नाही. ठेकेदार दगडी पिचिंगचा (भिंतीवर दगड बसवून घेण्याचा) आग्रह धरतोय, पण पाझराजवळचा जो डोक्याच्या वरचा तुकडा फुगलाय, तेवढ्यालाच ते करावं. बाकी भिंतीवर पोगोनेटमचा थर सलग झालाय, पांढुरक्या मातीवरही खालच्या कडेने चढतोय. तिथली धूप मागच्या जूनच्या मानाने उघड कमी आहे: भिंतीच्या पायथ्याशी साठणारी मातीची रास यंदा जेमतेम दिसते.

भरावावर मॉसची वाट बघण्यात अर्थ नाही. तिथे काथ्याची जाळी आणि झाडांच्या गटाने सुचवलेली रोपं. रानमोडी फुलायच्या आत उपटायची.

मधल्या पट्ट्यावर अण्णांना मॉस हवंच असेल तर दरवर्षी मार्चमध्ये पाचोळा झाडावा लागेल. मी नको म्हटलं. पाचोळा साठतोय म्हणजे तो पट्टा रानाकडे चाललाय, त्यात अंजनीची बोटभर रोपं दिसायला लागलीत. अण्णांनी थोडा वेळ घेतला. त्यांना फोटोतलं हिरवं आवडलं होतं. शेवटी वाटेच्या तोंडाशी मोठे दगड टाकून गाड्या बंद करायचं मान्य झालं.

सोललेल्या दगडावर अजून काही नाही. जळक्या वर्तुळात फ्युनारिया विरळ झालाय, मधे ब्रायम शिरलंय.

तारेच्या चौकटी गंजून मातीला तपकिरी डाग पडतायत, त्या जागी फोटोत रंग चुकतो. पुढच्या खेपेला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या न्यायच्या, आणि गव्यांना अडणार नाहीत इतक्या खाली ठोकायच्या.